कोपरातील मज्जातंतूची शस्त्रक्रिया आणि घरातील उत्तर-परिचर्या : विदर्भाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : अल्नर मज्जातंतू, कोपर, बधिरता, कुष्ठरोग, गृहपरिचर्या, विदर्भ

प्रस्तावना :

महाविद्यालयीन शिक्षकाचा व्यवसाय बौद्धिक मानला जातो. त्या व्यवसायात शरीराचा जो अवयव सर्वाधिक राबतो तो हात होय, ही बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. फळ्यावर लेखन, संगणकावर टंकलेखन, दुचाकीवरून दररोजचा प्रवास आणि उन्हाळी परीक्षांच्या काळात मूल्यांकन केंद्रात टेबलावर कोपर टेकवून तासन्‌तास चालणारी उत्तरपत्रिकांची तपासणी, या सर्वांचा भार एकाच सांध्यावर पडतो. प्रारंभी करंगळीला मुंग्या येतात. पुढे रात्री झोपेतून जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते आणि म्हणून दुर्लक्ष होते. काही महिन्यांनी हातातून खडू निसटू लागतो, कुलपाची किल्ली फिरत नाही, तेव्हा डॉक्टरांकडे जाणे होते. अशा काही रुग्णांना शेवटी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

प्रस्तुत लेखात शस्त्रक्रियेच्या तंत्राची चिकित्सा करणे अभिप्रेत नाही. तो शल्यचिकित्सकांचा अधिकार आहे. रुग्ण एकदोन दिवसांत, पुष्कळदा त्याच दिवशी, घरी परततो आणि त्यानंतरचे कित्येक महिने तो घरातच बरा होत असतो. या कालखंडाचे स्वरूप गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासकाच्या दृष्टीने स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे. या विषयाला विदर्भात एक विशेष संदर्भ आहे. कोपरातील मज्जातंतू निकामी झालेल्या हाताची राखण कशी करावी याचा प्रदीर्घ अनुभव या भूमीला कुष्ठसेवेच्या निमित्ताने मिळालेला आहे. शहरी, सुशिक्षित रुग्णापर्यंत मात्र तो अनुभव फारसा पोहोचलेला नाही.

मज्जातंतूचा मार्ग आणि त्यावरील दाब :

कोपर भिंतीवर आपटले असता हातातून वीज गेल्यासारखी जी कळ करंगळीपर्यंत जाते, ती हाडाची नसते. ती अल्नर मज्जातंतूची असते. मानेतून निघालेला हा तंतू दंडाच्या आतल्या बाजूने खाली येतो आणि कोपराच्या आतील उंचवट्यामागच्या एका अरुंद खोबणीतून पुढे जातो. या ठिकाणी त्याच्यावर स्नायूंचे आच्छादन जवळजवळ नसते; वर त्वचा, खाली हाड आणि मध्ये मज्जातंतू अशी ही रचना आहे. खोबणीवर तंतुमय पडद्याचे छत असते. कोपर वाकवले की हे छत ताणले जाते, खोबणी आणखी अरुंद होते आणि त्याच वेळी मज्जातंतूही खेचला जातो. दूरध्वनी कानाशी धरणे, हात उशीखाली दुमडून झोपणे, कोपर टेबलावर टेकवणे या तीन सवयी घातक का ठरतात, हे यावरून ध्यानात येईल.

या तंतूकडे दोन प्रकारची कामे आहेत. करंगळी, अनामिकेचा करंगळीकडील अर्धा भाग आणि तळहाताची तीच कड यांची संवेदना तो मेंदूकडे नेतो. पंजातील बहुतेक लहान स्नायूही त्याच्याच आज्ञेत असतात. बोटे फाकवणे, जुळवणे, अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबून कागद धरणे ही कामे हे स्नायू करतात. फ्रेंच वैद्य ज्यूल फ्रोमाँ यांनी १९१५ च्या सुमारास सांगितलेली खूण आजही वापरली जाते. रुग्णाला अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये कागद धरावयास सांगून तो ओढला असता, दुर्बल हाताच्या अंगठ्याचे टोक वाकते. उत्तरपत्रिकेचे पान उलटताना अंगठा असा वाकत असल्यास ते थकव्याचे लक्षण समजू नये. विकार वाढल्यास अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग खोलगट होतो आणि अनामिका व करंगळी तळाशी मागे, टोकाशी आत अशी वाकडी राहतात.

शस्त्रक्रियेने काय साध्य होते :

शल्यचिकित्सक एक तर खोबणीवरचे छत कापून तंतू जागच्या जागी मोकळा करतात, अथवा तो उचलून उंचवट्याच्या पुढे, त्वचेखाली किंवा स्नायूंखाली, नव्या जागी ठेवतात. तंतू पुढे आणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. तथापि अलीकडील तुलनात्मक अभ्यासांनी असे दाखवले आहे की, सर्वसाधारण रुग्णात दोन्ही पद्धतींचे फलित जवळपास सारखे असते. तंतू हलवण्याच्या पद्धतीत जखमेतील जंतुसंसर्ग मात्र काहीसा अधिक आढळतो. आपल्यावर यांपैकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णाने व घरातील एका जबाबदार व्यक्तीने नीट विचारून घ्यावे. पुढचे सर्व वेळापत्रक त्यावरच अवलंबून असते. केवळ छत मोकळे केले असल्यास काही दिवसांतच कोपर हलवण्याची मुभा मिळते. तंतू स्नायूंखाली ठेवला असल्यास कापून पुन्हा शिवलेले स्नायू जुळून येईपर्यंत काही आठवडे बंधने पाळावी लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. शस्त्रक्रियेने मज्जातंतूवरील दाब हटतो. मज्जातंतू दुरुस्त होत नाही. दुरुस्ती शरीर स्वतः करते आणि अत्यंत संथपणे करते. तंतूचे केवळ वेष्टन दबले असेल तर काही आठवड्यांत ते पूर्ववत होते. रात्रीची कळ आणि मुंग्या तर कधी कधी पहिल्या दोनतीन दिवसांतच ओसरतात. परंतु आतील धागेच तुटलेले असतील, तर ते कोपरापासून पुन्हा वाढत पंजापर्यंत यावे लागतात. त्यांच्या वाढीचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर असतो. कोपरापासून पंजातील स्नायूंपर्यंतचे अंतर प्रौढ व्यक्तीत २५ ते ३० सेंटिमीटर धरले, तर हा प्रवास सुमारे आठ ते दहा महिने चालणार, हे गणित उघड आहे. दुसरीकडे, आज्ञेविना राहिलेला स्नायू साधारण एक ते दीड वर्षानंतर नव्या धाग्याला प्रतिसाद देण्यास असमर्थ होत जातो. म्हणूनच विलंबाने झालेल्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे थांबते, पण झिजलेला पंजा पूर्ण भरून येत नाही. तिसऱ्या महिन्यात 'ऑपरेशन फसले' असा निष्कर्ष काढून नवनवीन डॉक्टरांच्या व मांत्रिकांच्या दारी जाणारे रुग्ण या गणिताशी अपरिचित असतात.

विदर्भाचा अनुभव :

कुष्ठरोगाचा जंतू शरीरातील तुलनेने थंड भागात, म्हणजे त्वचेत व त्वचेलगतच्या मज्जातंतूंत वाढतो. कोपराजवळचा अल्नर तंतू त्वचेच्या अगदी निकट असल्याने या रोगात तोच वारंवार सुजतो. पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर होता आणि त्याच्याशी झुंज देणाऱ्या संस्थाही याच परिसरात उभ्या राहिल्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेला आरंभ केला. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली व त्यातून आनंदवन उभे राहिले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन वसवले. वर्धा येथे १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. या इतिहासाची सामाजिक बाजू आपल्या प्राध्यापक वर्गाला परिचित आहे. त्याची हाताविषयीची शिकवण मात्र उपेक्षित राहिली.

ती शिकवण अशी. कुष्ठरोगात 'बोटे झडतात' असा लोकसमज होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग बोटे खात नाही. वेदना न जाणवणाऱ्या हाताला दररोज लहानमोठ्या इजा होतात, त्या लक्षात येत नाहीत, जखमा चिघळतात आणि हाड झिजत जाते. वेदना म्हणजे पहारेकरी. तो गैरहजर असताना डोळ्यांनी पहारा द्यावा लागतो. हे तत्त्व मान्य केल्यानंतर बधिर हात वर्षानुवर्षे अखंड राहू शकतात, हे सिद्ध झाले. कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीची करंगळी मधुमेहाने, अपघाताने वा टेबलाच्या दाबाने बधिर झालेली असो, तिच्यासाठी नियम हाच आहे.

दुसराही एक मुद्दा याच संदर्भात नोंदवला पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे २००५ च्या अखेरीस घोषित करण्यात आले. दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्या शब्दाचा तांत्रिक अर्थ होता. २०२२-२३ या वर्षातही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदवले गेले. म्हणून आपल्या भागातील व्यक्तीची करंगळी बधिर झाली असेल, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागत असेल, अंगावर कोठे न खाजणारा बधिर चट्टा असेल, तर तिची कुष्ठरोगासाठी तपासणी झालीच पाहिजे. प्राध्यापकाच्या घरात हा रोग कसा येईल, ही भावना शास्त्रीय नव्हे. या रोगात मज्जातंतू सुजल्यास प्रथम औषधोपचार केला जातो; शस्त्रक्रिया निवडक रुग्णांतच होते आणि तिच्यानंतरही औषधे मध्येच सोडता येत नाहीत. शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य मिळतात.

घरातील परिचर्या :

पहिल्या आठवड्यात सूज हाच मुख्य प्रश्न असतो. बसताना व झोपताना हात उशांवर अशा रीतीने ठेवावा की पंजा हृदयाच्या पातळीपेक्षा उंच राहील. उशी बाहूच्या पुढील भागाखाली असावी. कोपराच्या आतील उंचवट्यावर तिचा दाब येऊ नये. बोटांची उघडझाप पहिल्या दिवसापासून, जागेपणी तासातासाने करावी. खांदाही हलवावा. आपल्या घरांत प्रेमापोटी 'हात अजिबात हलवू नकोस' असे बजावले जाते आणि गळ्यातील झोळी महिनाभर उतरत नाही. परिणामी खांदा आखडतो. शिवाय झोळीत कोपर सतत वाकलेले राहते, म्हणजे ज्या स्थितीमुळे विकार झाला तीच स्थिती दिवसभर टिकवली जाते. झोळी बाहेर जाताना, गर्दीत, धक्का लागू नये म्हणून वापरावी. घरात किती वेळ वापरावी हे डॉक्टरांना विचारावे.

टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी निघतात. तोपर्यंत पट्टी कोरडी ठेवणे नागपूरच्या मे महिन्यात सोपे नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, त्यात कूलरची दमट हवा, यामुळे पट्टीखाली घाम साचतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर ऋतूचा विचार डॉक्टरांशी बोलून करण्यास हरकत नाही. परंतु स्नायू झिजू लागले असतील तर 'दिवाळीनंतर पाहू' हे धोरण महागात पडते. जखमेवर हळद, तेल, कोणताही लेप लावू नये. ताप, वाढती लाली, पू, औषधाने न थांबणारी वेदना, बोटे निळसर वा गार पडणे, पट्टी आवळल्यासारखी वाटणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढील भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. मधुमेही व्यक्तीने रक्तातील साखर काटेकोरपणे सांभाळावी. खर्रा हा आपल्या शहराचा व्यसनविशेष. त्यातील तंबाखूचे निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते व जखम भरण्यास विलंब लावते. सिगारेट सोडलेला मनुष्य खर्ऱ्याला निरुपद्रवी समजतो, म्हणून हा उल्लेख.

टाके निघाल्यानंतर व्रणाभोवतीचा भाग बधिर किंवा उलट अतिसंवेदनशील जाणवतो. त्वचेच्या लहान मज्जातंतूंना धक्का बसल्याने असे होते. व्रण पूर्ण मिटल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने त्याला हलक्या हाताने मालिश करावे. प्रथम कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल असा स्पर्श क्रमाने वाढवत नेल्यास ही हुळहुळ कमी होते. रात्री कोपर नकळत दुमडले जाते. मोठा टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळून, टोके हलकेच बांधून झोपल्यास ते फार वाकत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञ मज्जातंतू सरकवण्याचे जे व्यायाम देतात, ते ताण लावण्याचे व्यायाम नव्हेत. ते करताना मुंग्या वाढल्या तर तेथेच थांबावे.

आता स्वयंपाकघर. बधिर हातासाठी घरातील सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. पोळी उलटताना तव्याच्या कडेला लागणारी बाजू नेमकी करंगळीची असते. कुकरचे झाकण, चहाचे पातेले, गरम ताटाची कड यांचा चटका बसतो आणि तासाभराने फोड पाहिल्यावर कळतो. सांडशी दुसऱ्या हाताने धरावी, लांब दांड्याचा उलथणा वापरावा, गरम पातेल्यासाठी जाड कापडी हातमोजा ठेवावा. पाण्याची उष्णता नेहमी चांगल्या हाताने पाहावी. बधिर हाताला शेक देऊ नये; गरम पाण्याची पिशवी हे या रुग्णांचे भाजण्याचे नेहमीचे कारण आहे. कणीक तिंबणे, कपडे पिळणे, पाण्याची भरलेली बादली उचलणे या क्रियांत पंजाच्या कडेवर व कोपरावर एकदम जोर येतो. साध्या शस्त्रक्रियेनंतरही त्या चार ते सहा आठवडे टाळाव्यात आणि स्नायूंखाली तंतू ठेवला असल्यास डॉक्टर सांगतील तोवर. हा काळ घरातील स्त्रीचा असेल तर ही कामे दुसऱ्या कोणी तरी करावी लागतात, एवढे साधे नियोजनही पुष्कळ घरांत होत नाही. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या रुग्णाला व्यायामाचा तक्ता देऊन काय उपयोग?

कुष्ठसेवेतील स्वपरिचर्येचा पाठ येथे जसाच्या तसा लागू पडतो. मज्जातंतू निकामी झाला की त्या भागाला घामही येत नाही. त्वचा कोरडी पडते, भेगा जातात आणि भेगांतून जंतू शिरतात. जखम पूर्ण भरल्यानंतर पंजा दररोज १५ ते २० मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, पुसून त्वचा ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल लावावे, म्हणजे ओलावा टिकतो. त्याच वेळी चांगल्या प्रकाशात हाताची तपासणी करावी : नवा फोड, ओरखडा, लाल डाग, रुतलेली काच वा फास. भांड्यांच्या, झाडूच्या, खुरप्याच्या दांड्यांना कापड गुंडाळून त्या जाड केल्यास कमी जोरात पकड बसते व एकाच जागी दाब येत नाही. वाकलेली बोटे दुसऱ्या हाताने मांडीवर ठेवून दिवसातून अनेकदा सरळ करावीत. स्नायू परत येईपर्यंत सांधे लवचीक राहिले तरच परत आलेल्या स्नायूला काम करता येते.

प्रगती मोजण्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, तीन साध्या नोंदी पुरेशा आहेत. डोळे मिटून कापसाचा स्पर्श करंगळीवर कोठे कळतो. बोटे किती फाकतात, याचा कागदावर पंजा ठेवून काढलेला आराखडा. आणि मध्यमा तर्जनीवर चढवता येते का. दररोज पाहिल्यास बदल दिसत नाही व मन खचते. तंतूच्या मार्गावर हलकेच टिचकी मारली असता येणारी झिणझिणी महिन्यागणिक कोपराकडून मनगटाकडे सरकत असेल, तर धागे पुढे येत असल्याचे ते लक्षण मानले जाते. ही तपासणी मात्र डॉक्टरांनीच करावी.

अध्यापनाकडे परतताना :

दुचाकीचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. ब्रेक घट्ट आवळता येणे, कोपर वेदनेविना पूर्ण हलणे आणि गुंगी आणणारी औषधे बंद झालेली असणे, या तिन्ही अटी पूर्ण होईपर्यंत वाहन चालवू नये. लिहिताना पंजाची जी कड कागदावर घासते तीच बधिर असल्याने तेथे सोललेले कळत नाही. कडेखाली मऊ रुमाल ठेवावा व लेखणीला जाड वेष्टन चढवावे.

रजेच्या बाबतीत नियमित शिक्षकास महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील परावर्तित रजेचा आधार वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळू शकतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांना शिकवलेल्या तासांचेच मानधन मिळते. त्यामुळे टाके निघण्यापूर्वीच हातात खडू घेण्याची पाळी त्यांच्यावर येते आणि शस्त्रक्रियाच पुढे ढकलण्याचा मोह होतो. मज्जातंतूच्या बाबतीत गेलेले महिने परत मिळत नाहीत हे वर पाहिलेच आहे. विभागप्रमुखांच्या अधिकारात येथे बरेच काही करता येण्यासारखे आहे. प्रमाणपत्रावर केवळ 'विश्रांती' असे न लिहिता कोणत्या हालचाली किती काळ टाळावयाच्या आहेत हे डॉक्टरांकडून लिहून घेतले, तर त्यानुसार कामाची वाटणी करता येते. पहिल्या महिन्यात मौखिक तास, प्रक्षेपकाच्या साहाय्याने अध्यापन, विद्यार्थ्याकडून फळ्यावर लेखन, तोंडी परीक्षा ही कामे द्यावीत. पर्यवेक्षण व ग्रंथालयातील काम त्यानंतर. उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन सर्वांत शेवटी सुरू करावे, कारण त्यात कोपर वाकलेले, टेबलाला टेकलेले आणि बोटे लेखणीवर आवळलेली, असे तिन्ही दाब एकाच वेळी व तासन्‌तास येतात.